चूल, पाणी आणि श्रद्धा : खानदेशातून ‘स्मृतिचित्रे’ वाचताना

मराठी समीक्षेने ‘स्मृतिचित्रे’चे कौतुक भरपूर केले, वाचन मात्र अर्धेच केले, असे म्हटले तर ते धाडसाचे वाटेल. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मचरित्राचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या १९३६ मधील निधनानंतर देवदत्त टिळकांनी पुरा केला. तेव्हापासून आजवर या ग्रंथाविषयी जे लिहिले गेले त्यात निर्मळ विनोद, पारदर्शक प्रांजळपणा, बोलीचा गोडवा आणि विक्षिप्त प्रतिभावंताशी केलेला संसार हे चार मुद्दे पुनःपुन्हा येतात. त्यांत खोटे काही नाही. तथापि या चौकटीत एक गोष्ट सोयीस्करपणे बाहेर राहते. हे एका ख्रिस्ती स्त्रीने लिहिलेले पुस्तक आहे आणि ते ‘ख्रिस्ती होणे’ म्हणजे दररोजच्या जगण्यात नेमके काय होणे, याचाच शोध घेते. समीक्षक लेखिकेचा धर्म चरित्रात्मक तपशील म्हणून नोंदवतात आणि पुढे जातात. धर्मांतर हा कथानकातला नाट्यपूर्ण प्रसंग ठरतो. श्रद्धा हा ग्रंथाच्या रचनेचा भाग आहे, हे ध्यानात घेतले जात नाही.

असे का व्हावे? मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारापासून मराठीत कलेच्या स्वायत्ततेचा जो आग्रह रुजला, त्याने साहित्यकृतीतील धार्मिक आशयाला ‘सामग्री’चे स्थान दिले. सामग्री कोणतीही असो, पाहायचे ते तिचे घाटात झालेले रूपांतर. संतकाव्याच्या बाबतीत ही भूमिका फार ताणली गेली नाही, कारण ती श्रद्धा वाचकांच्या परिचयाची होती. तिच्याकडे दुर्लक्ष करणे शक्यच नव्हते. ख्रिस्ती श्रद्धेच्या बाबतीत मात्र स्वायत्ततेचे तत्त्व फारच सोयीचे ठरले. अपरिचित श्रद्धेला बाजूला सारूनही पुस्तकावर प्रेम करता आले. याच्या उलट बाजूला मिशनरी परंपरेचे वाचन आहे. त्या वाचनात ‘स्मृतिचित्रे’ ही साक्ष असते : अंधारातून प्रकाशाकडे झालेल्या प्रवासाची. तेथे विनोद हा केवळ गोड लेप ठरतो. एका पक्षाने पुस्तक ठेवून श्रद्धा गाळली, दुसऱ्याने श्रद्धा ठेवून पुस्तक गाळले.

ग्रंथाचा आरंभ पाहावा. तो सोवळ्याच्या वेडाने होतो. १८५७ च्या धामधुमीत घरावर फाशीचा आघात कोसळतो आणि त्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे विकोपाला जाते. बाहेरच्या जगाने घरातल्या प्रत्येक वस्तूला हात लावला. आता प्रत्येक वस्तू धुतली पाहिजे, अशी त्यांची धारणा होते. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात. पण या हसण्यामागे एक कठोर निरीक्षण आहे : येथे धर्म म्हणजे भीतीने घेतलेले पाण्याचे रूप. पाणी कोणी भरले, भांडे कोठे ठेवले, कोणाचा स्पर्श झाला, या प्रश्नांवर घरातल्या स्त्रियांचे अवघे दिवस खर्ची पडतात. धर्माविषयीचे एकही सूत्र न मांडता लेखिकेने धर्माची पहिली व्याख्या येथे करून ठेवली आहे. पुढच्या शेकडो पृष्ठांत ती व्याख्या बदलत जाते आणि हा बदल तिने पाणी, भांडी, चूल आणि पंगत यांच्याच भाषेत नोंदवला आहे.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या पतीकडे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) परतल्या, तरी ख्रिस्ती झाल्या नाहीत. वेगळी चूल, वेगळे पाणी, स्वतःचे सोवळे अशी ती सहवासाची विलक्षण व्यवस्था होती. एका छपराखाली दोन धर्म राहत होते आणि त्यांच्यामधली सीमारेषा पाण्याच्या भांड्यापाशी आखलेली होती. या काळात टिळकांनी पत्नीवर सक्ती केली नाही, हे सर्वच अभ्यासक सांगतात. पण त्याहून महत्त्वाचा मुद्दा क्रमाचा आहे. लक्ष्मीबाईंच्या मनात आधी येतो तो येशूच्या देवत्वाचा विचार नव्हे. जातीजातींतला भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना पडतो. तो माणसाने केला, असे उत्तर मिळताच त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास मोकळ्या होतात. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे चूल आधी बदलते, मत नंतर. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आधी विश्वास आणि मग आचरण असा क्रम असतो. ‘स्मृतिचित्रे’त तो उलटा झाला आहे.

हा उलटा क्रम केवळ चरित्राचा योगायोग मानला तर ग्रंथाचे रहस्य हातातून निसटते. तुलनेसाठी बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) घ्यावे. तेथे यमुना आणि विनायक प्रवासात भेटतील त्या विधवांच्या हकिकती ऐकतात. प्रत्येक हकिकत हा एका युक्तिवादाचा पुरावा असतो, आणि यमुनेचे ख्रिस्ती होणे हा त्या युक्तिवादाचा निष्कर्ष. मराठी कादंबरीतील वास्तवाभिमुख प्रवाहाचा उगम नेमाडे या कृतीत पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण ते वास्तव ‘दाखल्या’चे वास्तव आहे. व्यक्तीच्या स्वयंपाकघरात शिरून तेथे श्रद्धा काय करते हे पाहण्याइतका वेळ पदमनजींपाशी नाही. त्यांना स्त्रीच्या दुःखाचा खटला चालवायचा आहे. लक्ष्मीबाईंना खटला चालवायचा नाही. बाप्तिस्म्यानंतरही त्यांचा संसार तसाच ओढग्रस्तीचा राहतो. टिळक पूर्वीसारखेच हातातले पैसे भलत्यालाच देऊन मोकळे होतात, पूर्वीसारखेच न कळवता पाहुणे आणतात. बदलते ते एवढेच की दारात आलेल्या माणसाची जात आता विचारली जात नाही. पोरके मूल घरात येते आणि घरचे होते. हा बदल लक्ष्मीबाई एखाद्या विजयासारखा सांगत नाहीत. घरात माणसे वाढली आणि पीठ पुरेना, अशा सुरात सांगतात. श्रद्धेचा इतका अनलंकृत आविष्कार मराठी गद्यात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

येथे एका समकालीन पुस्तकाची आठवण अपरिहार्य ठरते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ही दोन्ही पुस्तके जवळजवळ बरोबरीने वाचकांपुढे आली. दोन्हींत गरीब ब्राह्मण घर, दोन्हींत आई, दोन्हींत धर्म स्वयंपाकघरातून आणि अंगणातून शिकवला जातो. पुढे त्यांचे भाग्य वेगळे झाले. एक महाराष्ट्राचे संस्कारपुस्तक बनले, दुसरे ‘उत्कृष्ट आत्मचरित्र’ या सन्माननीय पण मर्यादित कप्प्यात राहिले. ‘श्यामची आई’मध्ये म्हातारीला मोळी उचलून देण्याचा प्रसंग आहे. म्हातारी महार आहे. आई श्यामला मोळी उचलून द्यायला सांगते आणि घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. त्या काळाच्या मानाने हे धैर्य मोठेच होते, आणि पुढे १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषणास बसलेल्या लेखकाच्या मनाची पाळेमुळे अशा प्रसंगांत आहेत, हे मान्यच करावे लागेल. तरीही वाचकाने त्या आंघोळीकडे पाहावे. करुणा सीमारेषा ओलांडते आणि आंघोळ ती पुन्हा आखते. लक्ष्मीबाईंच्या घरात थांबली ती नेमकी ही आंघोळ. महाराष्ट्राने पहिली गोष्ट मुलांच्या हाती दिली आणि दुसरीचा विनोद तेवढा उचलला. ही निवड निव्वळ वाङ्मयीन नव्हती.

आता टिळकांकडे वळावे. रेव्हरंड टिळकांच्या ख्रिस्ती काव्याची चर्चा मराठीत ‘देशीकरणा’च्या अंगाने होते, आणि तिला भक्कम आधार आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्धच आहे. ‘अभंगांजली’तील अभंग, अपुरे राहिलेले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्णतेस नेलेले ‘ख्रिस्तायन’, १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीबाहेर पडून मांडलेला ‘देवाचा दरबार’, या साऱ्यांतून परदेशी चर्चच्या पोशाखातला ख्रिस्त मराठी मातीत आणण्याची तळमळ दिसते. ही परंपरा त्यांच्याही आधीची. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले ते ओवीतच, आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरायला स्टीफन्स कचरले नाहीत. पंडिता रमाबाईंनी नेमकी उलट वाट धरली. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी केलेल्या बायबलच्या भाषांतरात (ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले) हिंदू तत्त्वज्ञानाच्या छटा असलेले संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले आणि अल्पशिक्षित स्त्रीला उमजेल अशी भाषा शोधली. गौरी विश्वनाथन यांनी ‘आउटसाइड द फोल्ड’ (१९९८) या ग्रंथात रमाबाईंच्या धर्मांतराचे विवेचन करताना धर्मांतर म्हणजे एका छावणीतून दुसऱ्या छावणीत जाणे नसून दोन्ही छावण्यांवरची टीका असू शकते, असे सुचवले आहे. रमाबाईंची भाषांतरनीती त्याच टीकेचा भाग म्हणून वाचता येते : त्यांना वैकुंठही नको होते आणि चर्चची पंडिती भाषाही नको होती.

तेव्हा ‘देशी’ म्हणजे काय, हा प्रश्न येथे फिरून उभा राहतो. टिळकांचा अभंग देशी, हे खरे. पण कोणाच्या दृष्टीने? पुणे, नाशिक, नगर या पट्ट्यात वारकरी संस्कारात वाढलेल्याच्या दृष्टीने. हा प्रश्न दोंडाईच्यासारख्या ठिकाणी बसून विचारला की अधिक टोकदार होतो. मिरचीच्या व्यापाराचे हे गाव धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यात, भुसावळ–सुरत लोहमार्गावर आहे. पूर्वेकडे अमळनेर, जेथे साने गुरुजींनी शिकवले; त्याही पलीकडे जळगाव आणि बहिणाबाई चौधरींचे आसोदे. पश्चिमेकडे नंदुरबार, चिंचपाडा, नवापूर. या शे-दोनशे किलोमीटरांत भाषा बदलत जाते. लेवा गणबोली मागे पडून अहिराणी येते, पुढे भिलोरी, नवापूरकडे मावची. ग्रियर्सनने आपल्या भाषिक पाहणीच्या १९०७ च्या खंडात खानदेशी आणि भिल्ल भाषा एकत्र घेतल्या, मराठीच्या खंडात नव्हे. त्या वर्गीकरणावर वाद पुष्कळ आहेत. पण घरात बोलली जाणारी भाषा आणि पुस्तकी मराठी यांच्यात येथे एक खोल दरी आहे, एवढे तरी त्यावरून स्पष्ट व्हावे.

पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्कँडिनेव्हियन मुळाच्या मिशनांनी काम केले आणि त्यांचे अनुयायी मुख्यतः आदिवासी होते. या माणसांकडे बायबल आले ते मराठीतून. म्हणजे प्रार्थनेची भाषा मराठी, घराची मावची वा भिलोरी, बाजाराची अहिराणी. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत स्वयंपाकघराची भाषा आणि पुस्तकाची भाषा शेजारी-शेजारी नांदत होत्या. पतीने अक्षरओळख करून दिलेली स्त्री जशी बोलते तशी लिहू शकली आणि ते लिहिणे मराठी साहित्य ठरले. नवापूरकडच्या आदिवासी ख्रिस्ती स्त्रीने आपल्या चुलीपाशी श्रद्धेने काय केले हे सांगायचे ठरवले, तर तिला आधी एक भाषा ओलांडावी लागेल. आणि टिळकांचा अभंग? वारकरी परंपरा जिच्या घरात कधी नव्हती, तिच्यासाठी तोही इंग्रजी स्तोत्राच्या भाषांतराइतकाच बाहेरून आलेला. देशीवादाने या ठिकाणी थोडे थबकायला हवे होते. ‘देशी’ ही संकल्पना प्रदेशाच्या नावाने बोलते आणि बहुधा एका परंपरेच्या बाजूने निर्णय देते.

याच भागातले दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदे परिसरात गुलामहाराजांची चळवळ उभी राहिली. दारू सोडणे, अंग स्वच्छ ठेवणे आणि आरतीसाठी एकत्र येणे ही तिची सूत्रे. हजारो भिल्ल तिच्यात सामील झाले. त्याआधी १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेत पसरलेल्या देवीच्या आंदोलनातही दारू आणि मांस सोडण्याचा आदेश होता. डेव्हिड हार्डिमन यांनी त्याचा इतिहास लिहिला आहे. मिशननेही आपल्या अनुयायांकडून दारू सोडण्याची अपेक्षा ठेवली. तीन वेगळी दैवते, पण दैनंदिन आचरणातला बदल जवळजवळ एकच. बाहेरून पाहणाऱ्याला ‘धर्मांतर’ दिसते ते एकाच ठिकाणी. दारूचा गुत्ता आणि सावकाराची वही यांच्यापासून सुटण्याची धडपड मात्र तिन्ही ठिकाणी आहे. मग ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण कोठे शोधायचे? दारू सोडण्यात नव्हे, हे उघड आहे. ते शोधायला मरणाचे विधी, लग्नाची बोलणी, आजारात भगताकडे जायचे की चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयात, आखाजीला माहेरी आलेल्या मुलीने झोक्यावरची कोणती गाणी म्हणायची, असल्या बारीक जागा पाहाव्या लागतील. मिशेल द सर्तो यांनी सामान्य माणूस वरून आलेल्या व्यवस्थेत आपल्या सोयीच्या पळवाटा कशा काढतो याचे विवेचन केले, ते अशा जागांना लागू पडते. मिशनचे अहवाल या जागांविषयी मौन पाळतात. अहवालाला बाप्तिस्म्याचे आकडे हवे असतात. या जागा साहित्यच उघड करू शकते.

आणि साहित्य तेथवर पोचलेले नाही. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ (१९८७) हा कवितासंग्रह याच परिसरातून आला. आदिवासीच्या वतीने बोलू पाहणाऱ्या भल्या माणसांना त्या कवितेने जो प्रश्न विचारला तो मराठी कवितेत नवा होता. परंतु आदिवासी साहित्याच्या चर्चेत ख्रिस्ती झालेला आदिवासी बहुधा ‘आपल्यातून गेलेला’ म्हणून येतो. ख्रिस्ती साहित्याच्या चर्चेत तो ‘दुर्गम भागातील बंधू’ असतो. नगर, पुणे आणि वसई यांनी मराठी ख्रिस्ती साहित्याचा नकाशा भरून टाकला आहे. वसईचे उदाहरण अर्थातच समृद्ध आहे. सामवेदी बोली, शेतीवाडी, पोर्तुगीज काळाचा वारसा आणि ‘सुवार्ता’ मासिकाचे व्यासपीठ यांतून तेथे एक आत्मविश्वासाचा आवाज घडला; ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादन केलेले आणि ‘सुबोध बायबल’ लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ब्याण्णव संमेलने झाल्यावर प्रथमच एक ख्रिस्ती धर्मगुरू त्या पदावर आला आणि तेव्हाही काही संघटनांनी त्यांच्या निवडीवर आक्षेप घेतले. आक्षेप साहित्याविषयी नव्हता. ‘स्मृतिचित्रे’ डोक्यावर घेणाऱ्या भाषेत हे घडले, यात विसंगती नाही. ते पुस्तक ज्या पद्धतीने वाचले गेले तिचाच तो पुढचा टप्पा होय. लेखिकेची श्रद्धा वगळून तिच्यावर प्रेम करता येते, हा धडा समीक्षेने दिला होता. श्रद्धा वगळता न येणारा लेखक समोर आला तेव्हा अडचण झाली.

बहिणाबाईंच्या बाबतीत समीक्षेने असा भेद केला नाही, हेही नोंदवले पाहिजे. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जाते, चूल, शेत, खोपा यांतून वाहणारी त्यांची भक्ती हीच त्या काव्याची शक्ती आहे, असे सर्वांनी एकमुखाने म्हटले. कामाच्या हातात असलेला देव समीक्षकांना तेथे लगेच दिसला. निरक्षर लेवा शेतकरी स्त्री आणि अल्पशिक्षित ब्राह्मणी घरातली ख्रिस्ती स्त्री यांची श्रद्धा एकच, असा दावा येथे नाही. बहिणाबाईंची श्रद्धा जन्मजात लयीतून आलेली आहे. ती कामाला जोडलेली असल्याने तिला कधी निवडावी लागली नाही. लक्ष्मीबाईंची श्रद्धा निवडलेली आहे, आणि निवडीची किंमत नाती तुटण्यात मोजलेली आहे. म्हणून बहिणाबाईंना ओवी पुरली; लक्ष्मीबाईंना काही कविता लिहूनही शेवटी गद्याकडे यावे लागले. जात्यावरची ओवी पुनरावृत्तीवर जगते. निवड एकदाच होते, आणि ती सांगायला ‘त्यानंतर काय झाले’ हे सांगणारे गद्य लागते. प्रकारभेदाच्या या प्रश्नाकडे आत्मचरित्राच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

या दृष्टीने ‘स्मृतिचित्रे’तील विनोदाचे स्थानही नव्याने तपासावे लागते. तो स्वभावविशेष आहे, असे म्हणून सोडता येत नाही. साक्ष देणाऱ्या गद्याची अडचण अशी असते की निवड करणारी व्यक्ती निवडीनंतर अधिक शहाणी, अधिक पवित्र ठरते, आणि निवेदन नकळत उपदेश बनते. लक्ष्मीबाई विनोदाच्या साह्याने हे होऊ देत नाहीत. सोवळे पाळणारी पूर्वीची लक्ष्मी हास्यास्पद आहे. पण बाप्तिस्मा घेतलेली लक्ष्मीही तितकीच फजीत होते, तितकीच चिडते, तितकीच फसते. बाप्तिस्म्याने तिला शहाणपण दिले, असे सांगायचे ती नाकारते. जुन्या आणि नव्या धर्मातल्या स्वतःला एकाच हसऱ्या नजरेने पाहणे ही या ग्रंथाची खरी धर्मविषयक भूमिका आहे. सोवळ्याचा पाया श्रेष्ठत्वाच्या भावनेवर होता. नवी श्रद्धा नवे सोवळे होऊ नये, याची काळजी हा विनोद घेतो. शुभवर्तमानातील नम्रतेवर प्रवचन न करता लक्ष्मीबाईंनी ती वाक्यांच्या वळणात उतरवली.

नवापूरकडच्या एखाद्या घरात असे पुस्तक कदाचित तोंडी सांगितले जात असेल, मावचीत किंवा भिलोरीत. ते लिहिले गेले तर त्यातले पाणी विहिरीवरून, नदीवरून, हापशावरून आलेले असेल आणि त्यातली चूल सोवळ्याशी भांडणारी नसेल, कारण सोवळे तेथे नव्हतेच. त्या चुलीला दुसऱ्याच कशाशी भांडावे लागले असेल. ते कशाशी, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचून कळणार नाही.